टावर आठेच, रेंज नई

मोबाईलच्या अँटेनावर जे येऊन पोचतं त्यात डिजिटल असं काहीही नसतं. जाहिरातीत फोर-जी म्हणोत की फाईव्ह-जी, त्या इवल्याशा तारेवर असते ती व्होल्टेजची नुसती थरथर. सलग, कुठेही न तुटणारी, आणि कधीकधी इतकी क्षीण की एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या दोन-तीन भागांएवढीच. शून्य आणि एक त्या थरथरीतून आपण काढायचे असतात. ज्या सर्किटात ते निघतात त्याला अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर म्हणतात. आमच्या तोंडी एडीसी. गेली बरीच वर्षं माझं पोट त्याच्यावर चाललंय.

माहेरी हे सांगता येत नाही. चोपड्याकडच्या आमच्या गावात ‘पोरगी पुण्याला मोबाईलच्या चिपा बनवते’ इथवर मजल गेली आहे, आणि त्याचा अर्थ पोरगी मोबाईल दुरुस्त करते असा घेतला जातो. लग्नात पंगत उठायच्या आत कुणी ना कुणी फोन पुढे करतो, चार्जिंग टिकत नाही म्हणून. मी स्क्रीनचा उजेड कमी करून देते. इलाज लागू पडतो आणि माझ्याबद्दलचा गैरसमज आणखी पक्का होतो.

पण मागे एकदा आप्पांनी मला एक प्रश्न विचारला आणि तो थेट माझ्या धंद्यातला निघाला. इतका नेमका प्रश्न मला नोकरीच्या मुलाखतीतही कुणी विचारलेला नाही.

आप्पा म्हणजे माझे काका. तापीच्या उत्तरेला केळी, थोडा कापूस, ठिबक. केळीला पाण्याचा खंड चालत नाही आणि शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळते. पूर्वी घरातला एखादा माणूस मध्यरात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जायचा. वाटेत साप, विंचू, थंडीत अंगात शिरणारा गारठा, आणि अलीकडे बिबट्या. मग मोबाईल स्टार्टर आले. मोटरीच्या पेटीत एक सिम असतं. अंथरुणातून फोन लावायचा, पेटीतला रिले ओढला जातो आणि मोटर चालू. लाईट गेली, एखादा फेज उडाला, तर पेटीच उलटा फोन करून कळवते. ‘मोटरले फोन लाव’ हे वाक्य आमच्याकडे आता कुणालाही चमत्कारिक वाटत नाही. आणि यातल्या बऱ्याचशा पेट्यांच्या पोटात आहे ते जुनं टू-जी मॉड्यूल. स्वस्त, टिकाऊ, कुठेही मिळणारं.

आप्पांची जुनी विहीर गावालगत. तिथला स्टार्टर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. नवी विहीर लांबच्या शिवारात खोदली आणि तिथे तशीच पेटी बसवली, तर दहापैकी आठ वेळा बाई सांगायची, ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. गंमत अशी की त्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर मोबाईलचा उंच टॉवर उभा आहे. आप्पांनी मला बांधावर उभं केलं, टॉवरकडे बोट केलं आणि म्हणाले, “माय, तू मोबाईलनी इंजिनेर ना? टावर त आठेच शे, मंग रेंज काबर नई?” म्हणजे टॉवर तर इथेच आहे, मग रेंज का नाही?

मी विचारलं, टॉवर कुठल्या कंपनीचा? तो दुसऱ्याच कंपनीचा होता. पेटीतल्या सिमच्या कंपनीचा टॉवर पार पलीकडे, दुसऱ्या गावाच्या अंगाला.

जवळचा टॉवर परका आणि आपला टॉवर लांब, एवढं कळल्यावर ऐकणारा मान डोलावतो आणि विषय संपला असं समजतो. माझं काम तिथूनच पुढे सुरू होतं. कारण परका टॉवर नुसता निरुपयोगी नसतो, तो उपद्रवी असतो. आपल्याला नको असलेली लहर हवी असलेल्या लहरीच्या शेजारच्याच वारंवारतेवर, तिच्यापेक्षा कोट्यवधी पट ताकदीने येऊन त्याच अँटेनावर आदळते. आमच्याकडे तिला ब्लॉकर म्हणतात.

जीएसएम, म्हणजे आपलं टू-जी, ज्यांनी आखलं त्यांना हे पुरतं ठाऊक होतं. त्या मानकात ९०० मेगाहर्ट्झच्या हँडसेटसाठी एक चाचणी आहे. हवा असलेला सिग्नल उणे ९९ डीबीएम इतका बारीक द्यायचा (डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजायचं माप, उण्यापुढचा आकडा मोठा तितका सिग्नल क्षीण), आणि तीन मेगाहर्ट्झ किंवा त्याहून लांब अंतरावर उणे २३ डीबीएमचा ब्लॉकर सोडायचा. तरीही बोलणं नीट उतरलं पाहिजे. या दोहोंत ७६ डेसिबलचा फरक आहे. साध्या हिशेबात सांगायचं तर शेजारी जवळजवळ चार कोटी पट ताकदवान. हा आकडा कुणी हौसेने लिहिलेला नाही. आप्पांच्या नव्या विहिरीसारख्या जागा फिनलंडमध्येही असतात.

फिल्टर लावून शेजाऱ्याला बाहेरच का ठेवत नाही, असं कुणीही विचारील. अँटेनाजवळचा फिल्टर असतोच, पण तो सगळा पट्टा आत घेतो. ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झमध्ये सगळ्या कंपन्यांची वाटणी झालेली असते. फोनला त्यातल्या कुठल्याही वाहिनीवर जाता आलं पाहिजे, म्हणून दार सगळ्यांनाच उघडं. पुढे सिग्नल खालच्या वारंवारतेवर आणल्यावर आणखी एक फिल्टर लावता येतो, तो मात्र आपली २०० किलोहर्ट्झची वाहिनी ठेवून बाजूचं कापत जातो. तो जितका कडक, तितके त्याचे कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारे भाग, मोठे आणि चिपवरची जागा जास्त. शिवाय २०० किलोहर्ट्झसाठी घट्ट बेतलेला फिल्टर वाय-फायच्या काय कामाचा?

मग उरतो एडीसी. त्याच्यासमोर शेजारी आणि आपला, दोघेही एकाच व्होल्टेजमध्ये मिसळून उभे राहतात. त्याच्याकडे ठरावीक उंचीची मोजपट्टी आहे, समजा एक व्होल्ट, आणि तिच्यावर ठरावीक रेघा. शेजारी पट्टीबाहेर गेला तर सगळंच वेडंवाकडं होतं आणि त्या विद्रूपतेचे तुकडे नेमके आपल्या वाहिनीत येऊन पडतात. म्हणून रिसीव्हर आपणहून आवाज कमी करतो, म्हणजे अँप्लिफायरचा गेन उतरवतो. शेजारी पट्टीत बसतो. पण त्याच्याबरोबर आपला बारीक सिग्नलही खाली जातो, इतका खाली की दोन रेघांच्या मधल्या फटीत गडप. टॉवर जवळ असणं हेच रेंज नसण्याचं कारण होऊ शकतं, ते असं.

आप्पांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. अँटेनाची वायर लांबवली आणि मोटरघराच्या भिंतीच्या पलीकडे, टॉवरकडे पाठ होईल अशी लावली. फोन बऱ्यापैकी लागू लागला. कारण ब्लॉकरच होता हे मी छातीठोक सांगणार नाही. टू-जी मॉड्यूल बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं, रात्री व्होल्टेज मार खातं, आणि पेटीतला पॉवर सप्लाय काही फार थोर नव्हता. पुढे चुलतभावाने त्याच टॉवरवाल्या कंपनीचं सिम टाकलं आणि प्रकरण मिटलं. पण मला मात्र त्या प्रश्नाने पकडलं. कारण त्याच सुमारास आम्ही ऑफिसात ज्या रिसीव्हरवर डोकं फोडत होतो त्याला जीएसएमही ऐकायचं होतं आणि फाईव्ह-जीही, तेही एकाच चिपवर.

मोजपट्टीवरच्या रेघांचा हिशेब आमच्या धंद्यात पाढ्यासारखा पाठ असतो. एक बिट वाढवला की रेघा दुप्पट होतात आणि साधारण सहा डेसिबलची जागा मिळते. फिल्टर न लावता ७६ डेसिबलचा शेजारी सोसायचा, त्याखाली आपला सिग्नल गोंगाटापासून नीट वेगळा ठेवायचा, वर थोडी मोकळी जागा राखायची, तर ९० डेसिबल धरावेच लागतात. म्हणजे पंधरा बिट. तेवढे बिट काढायचे कसे, याची पहिली रीत मला पुस्तकात भेटायच्या आधी जळगावच्या सराफ बाजारात भेटली होती.

आजीबरोबर मोड द्यायला गेले होते. जुना सराफ, लाकडी पेटीत ताजवा. एका पारड्यात दागिना. दुसऱ्यात त्याने आधी तोळ्याचं वजन ठेवलं. जड झालं, काढलं. अर्धा तोळा ठेवला, हलकं, राहू दिला. मग पाव तोळा, मग मासे, शेवटी गुंजा. प्रत्येक वेळी एकच प्रश्न, पारडं कुठे झुकलं? आणि एकच उत्तर, ठेव किंवा काढ. आज जगातले कितीतरी एडीसी अक्षरशः हेच करतात. सक्सेसिव्ह अ‍ॅप्रॉक्झिमेशन असं त्याचं लांबलचक नाव, धंद्यात एसएआर, बोलताना ‘सार’. सर्वांत मोठं वजन आधी, मग त्याच्या निम्मं, मग त्याच्याही निम्मं. दहा बिट हवेत तर दहा वेळा पारडं बघायचं. एक, दोन, चार, आठ अशा दुपटीच्या वजनांनी कुठलंही वजन कमीत कमी वेळा तोलून काढायचं कोडं इटलीचा गणिती तार्ताल्या याने १५५६ मध्ये मांडलं होतं. चिपवर वजनांच्या जागी कपॅसिटर बसले ते १९७५ च्या सुमारास, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत.

दुसरी टोकाची रीत म्हणजे सगळी वजनं एकदम मांडून बसणं. प्रत्येक रेघेला एक कम्पॅरेटर, म्हणजे व्होल्टेज रेघेच्या वर की खाली एवढंच सांगणारं सर्किट. हा फ्लॅश कन्व्हर्टर, वेगाला तोड नाही. पण आठ बिटांना २५५ कम्पॅरेटर लागतात, दहा बिटांना १,०२३. पंधरा बिटांचा विचारही करवत नाही.

आता त्याच सराफ बाजारात जा, ताजवा दुर्मीळ झालाय. काचेच्या पेटीत इलेक्ट्रॉनिक काटा असतो. अंगठी ठेवली की आकडे क्षणभर वरखाली होतात आणि मग स्थिरावतात. गिऱ्हाईक श्वास रोखून त्या शेवटच्या अंकाकडे बघतं. त्या काट्याच्या आत जो एडीसी असतो तो बहुधा तिसऱ्याच घराण्याचा, डेल्टा-सिग्मा. त्याची वागणूक मला सगळ्यांत लोभस वाटते. त्याच्या हाती अगदी ठोकळ माप असतं, कित्येकदा नुसतं ‘जास्त’ किंवा ‘कमी’. तो एकदाच मोजून थांबत नाही. मोजतो, जी चूक उरली ती पुढच्या फेरीत जमेला धरतो, पुन्हा मोजतो, पुन्हा उरलेलं पुढे नेतो. एकेक उत्तर ढोबळ, पण हजारो उत्तरांची सरासरी कमालीची अचूक. काट्यात तो सेकंदाला दहा-वीस वाचनंच देतो, म्हणून चोवीस बिटांची फुशारकी मारू शकतो. आणि एका वाचनात विजेच्या ५० हर्ट्झच्या पूर्ण लाटा बसवल्या की दुकानातल्या ट्यूबलाईटची भणभणसुद्धा आपोआप कटते. (चोवीसातले खरे कामाचे बिट किती, हे डेटाशीटच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरात असतं. ते जरूर वाचावं.)

टोकियो विद्यापीठातले इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी १९६२ मध्ये ही रचना मांडली. तिचं खरं मर्म सरासरीत नाही. नुसतंच जास्त वेळा मोजलं, तर वेग दुप्पट करूनही जेमतेम अर्धा बिट हाती लागतो. पण उरलेली चूक पुढे नेल्यामुळे चुकीचा स्वभावच बदलतो. ती हळू बदलणाऱ्या भागातून निघून वेगाने बदलणाऱ्या भागात ढकलली जाते, जिथे आपला सिग्नल नसतो. मग डिजिटल फिल्टरने तो वरचा भाग छाटून टाकायचा. एकदा पुढे नेलं तर वेगाच्या प्रत्येक दुपटीमागे दीड बिट, दोन पातळ्यांवर नेलं तर अडीच. चूक कमी होत नाही, एकूण बघितलं तर वाढतेच. फक्त ती नको तिथून हलते. मला हे कळलं त्या संध्याकाळी मी हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवायला जायचं विसरले होते.

ब्लॉकरसाठी हे घराणं का सोयीचं, ते आता दिसेल. त्यातला कंटिन्युअस-टाइम, म्हणजे सिग्नल सलगच आत घेणारा, प्रकार घेतला तर चूक पुढे नेणारं ते चक्र, म्हणजे लूपच, फिल्टरचंही थोडं काम करतं. सॅम्पलिंगच्या, म्हणजे मोजणीच्या, वेगाजवळून जे घुसखोर उलटे दुमडून आपल्या वाहिनीत येऊ बघतात त्यांना ते बाहेरच थोपवतं. आणि जीएसएमला तर जागाच जागा. वाहिनी २०० किलोहर्ट्झ. तिचे आय आणि क्यू असे, एकमेकांपासून पाव लाट सरकलेले, दोन हिस्से केले की प्रत्येक एडीसीच्या वाट्याला १०० किलोहर्ट्झ. फोनमध्ये २६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतोच. त्या तालावर मोजलं तर गरजेच्या १३० पट जास्त वेळा मोजणं होतं. पंधरा बिट आरामात.

आता फाईव्ह-जीची वाहिनी घ्या. सहा गिगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यांत ती १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असते, जीएसएमच्या ५०० पट. तिथेही १३० पटींचा हट्ट धरला तर १३ गिगाहर्ट्झचा क्लॉक, म्हणजे मोजणीचा ताल, लागेल आणि खिशात निखारा ठेवल्यासारखं होईल. म्हणून तिथे १३० सोडून दहाच्या आसपास यावं लागतं. मोजणी कमी झाली की प्रत्येक मोजणी जास्त शहाणी हवी: ‘जास्त-कमी’ ऐवजी तीन-चार बिटांचं माप, लूपच्या दोनऐवजी तीन-चार पातळ्या. सुदैवाने तिथे पंधरा बिट लागत नाहीत, दहा-बारावर भागतं. मधे एलटीई, म्हणजे फोर-जी, आहे, १.४ पासून २० मेगाहर्ट्झपर्यंतच्या सहा मापांत. वाय-फाय २० पासून सुरू होऊन १६० वर गेलं आणि आता ३२०. ब्लूटूथची वाहिनी एक-दोन मेगाहर्ट्झ. प्रत्येकाचे शेजारी वेगळे आणि सहनशक्तीही वेगळी.

मल्टी-स्टँडर्ड रिसीव्हरचा एडीसी म्हणजे या सगळ्यांसाठी एकच लूप बांधायचा आणि स्विच टाकून त्याचा अवतार बदलायचा. क्लॉक बदला, पातळ्या बदला, मापाचे बिट बदला, अँप्लिफायरचा करंट चढवा-उतरवा, कपॅसिटरच्या रांगेतले काही जोडा, काही तोडा. कागदावर हे इतकं देखणं दिसतं की पहिल्या वर्षीचा प्रत्येक इंजिनीअर त्याच्या प्रेमात पडतो.

घोडं अडतं ते कपॅसिटरपाशी. कपॅसिटरवर व्होल्टेज पकडून ठेवलं की त्यात उष्णतेचा गोंगाट येतोच. एक पिकोफॅरडवर खोलीच्या तापमानाला साधारण ६४ मायक्रोव्होल्ट. हा निसर्गाचा कर आहे, कुठल्याही फॅक्टरीची नवी प्रोसेस तो माफ करत नाही. गोंगाट निम्मा करायचा, म्हणजे एक बिट कमवायचा, तर कपॅसिटर चौपट हवा. चौपट कपॅसिटर तेवढ्याच वेगाने भरायचा तर अँप्लिफायरला करंटही चौपट. आता एकाच सर्किटवर दोन मालक बसवा. जीएसएमला गोंगाट नको, म्हणून मोठे कपॅसिटर. फाईव्ह-जीला वेग हवा, म्हणून लहान कपॅसिटर आणि दांडगे अँप्लिफायर. स्विच टाकून मोठे कपॅसिटर बाजूला काढता येतात, पण त्यांच्या तारा आणि खुद्द ते स्विच जागेवरच राहतात, आणि शंभर मेगाहर्ट्झच्या वाटेत पाय घालतात. उलट जीएसएमच्या वेळी तो दांडगा अँप्लिफायर अर्धपोटी ठेवावा लागतो आणि मग तो भलत्याच प्रकारे डळमळतो. माझ्या नोकरीतला बराच काळ या एका परिच्छेदात गेला आहे.

त्यात व्होल्टेज आटत गेलं. पूर्वीच्या चिपा पाच व्होल्टवर चालायच्या, मग ३.३, मग १.८, आता एक व्होल्टच्या आतबाहेर. ट्रान्झिस्टर बारीक झाले, डिजिटलवाल्यांची दिवाळी. आमची मोजपट्टी मात्र पाचाची एक व्होल्ट झाली आणि उष्णतेचा गोंगाट होता तिथेच राहिला. म्हणून मधल्या काळात थोडा मागे पडलेला सार पुन्हा वर आला. त्याला अँप्लिफायर लागतच नाही. स्विच, कपॅसिटर आणि एक कम्पॅरेटर एवढाच संसार, आणि बारीक ट्रान्झिस्टर स्विच म्हणून फर्मास असतात. अलीकडे सारलाच डेल्टा-सिग्माची सवय लावतात: तोलून झाल्यावर पारड्यात जी शिल्लक उरली ती पुढच्या तोलात धरायची. ताजवा आणि काटा एकाच पेटीत. हे मला मनापासून आवडतं.

या सगळ्यामागे एक जुनं स्वप्न आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जोसेफ मिटोला या अमेरिकी इंजिनीअरने सॉफ्टवेअर रेडिओची कल्पना मांडली. अँटेना, तिला लागूनच एडीसी, आणि पुढचं सगळं सॉफ्टवेअर. फिल्टर नको, सिग्नल खालच्या वारंवारतेवर आणणारा मिक्सर नको. मानक बदललं की प्रोग्रॅम बदला. कॉलेजमध्ये मी या कल्पनेवर सेमिनार दिला होता आणि टाळ्या मिळवल्या होत्या. हिशेब मात्र नंतर केला. एक गिगाहर्ट्झचा सिग्नल थेट पकडायचा आणि तोही ९० डेसिबल स्वच्छ, तर सॅम्पल घेण्याचा क्षण पाच फेम्टोसेकंदांहून जास्त हलता कामा नये. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा दीड मायक्रोमीटरच पुढे सरकतो. प्रयोगशाळेतल्या महागड्या क्लॉकलाही तिथे घाम फुटतो. फोनच्या क्लॉकचं नावच नको. मोबाईलच्या बेस स्टेशनमध्ये, जिथे वीज भरपूर आणि पंखे लावलेले, तिथे हे स्वप्न बरंच खरं झालंय. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूत ते अजून मिक्सरच्या पलीकडेच उभं आहे, आणि माझ्या मते तिथे ते ठीक आहे.

स्पर्धेबद्दलही थोडं. आमच्या क्षेत्रात एडीसी किती काटकसरी, हे सांगायला एक आकडा वापरतात: एका रेघेमागे किती ऊर्जा खर्च झाली. १९९९ मध्ये वॉल्डनने जुन्या कन्व्हर्टरांचा धांडोळा घेतला तेव्हापासून तो रुळला. हल्लीच्या शोधनिबंधांत तो फेम्टोज्यूलांत असतो आणि प्रत्येक नवा निबंध तक्त्यात सर्वांत वरचा असतो. पण बऱ्याचदा त्या खर्चात संदर्भ-व्होल्टेज देणारा बफर धरलेला नसतो, एडीसीच्या आधी उभा राहून त्याला सिग्नल पाजणारा ड्रायव्हरही नसतो, क्लॉक तर बाहेरून फुकट येतो. केळीच्या भावात घड कापायची मजुरी धरली नाही तर शेती नेहमीच नफ्यात दिसते. मी नव्या मुलांना सांगते, तक्ता शेवटी बघा. आधी चिपचा फोटो बघा आणि त्यात काय नाही ते शोधा.

माझं स्वतःचं मत आता असं झालंय की सर्वांसाठी एकच लूप हा हट्ट सोडावा. जीएसएमपासून २० मेगाहर्ट्झच्या एलटीईपर्यंत एक डेल्टा-सिग्मा, आणि त्याच्यावरच्या रुंद वाहिन्यांना स्वतंत्र, सारच्या वळणाचा दुसरा. चिपची जागा थोडी जास्त जाते, पण दोघांपैकी एक कायम झोपलेला असतो आणि झोपलेला एडीसी बॅटरी फारशी खात नाही. माझे एक वरिष्ठ याला पळपुटेपणा म्हणतात. त्यांच्या काळात जागा महाग होती. त्यांचं त्या हिशेबाने बरोबर आहे.

यातूनच तो प्रश्न निघतो जो आता प्रत्येक नव्या चिपच्या पहिल्या बैठकीत येतो: जीएसएम काढायचं का? काढलं तर तो पंधरा बिटांचा, मोठ्या कपॅसिटरचा, चार कोटी पटीच्या शेजाऱ्याचा जाच एका फटक्यात जाईल. युरोप-अमेरिकेच्या नकाशांवर बोट ठेवून कुणीतरी सांगतं, तिकडे टू-जी बंद होत चाललंय. ते खरं आहे. भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला कोलकाता ते दिल्ली झाला, जीएसएमवरच; म्हणजे हे मानक आपल्याकडे वयात येऊनही जमाना झाला. पण आपल्याकडे तसं झालेलं नाही. २०२० च्या आगेमागे खासगी कंपन्यांनी थ्री-जी गुंडाळायला घेतलं आणि त्याच्या आधीचं टू-जी मात्र राहिलं. बटणांचे फोन आहेत. फोर-जी असूनही त्यावरून बोलणं जमत नसलेले फोन आहेत, जे कॉल आला की टू-जीवर उतरतात. नंदुरबारकडे वर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, एखादी कांडी मिळाली तरी माणूस हात उंच करून जागीच उभा राहतो. देशातला पहिला आधार क्रमांक २०१० मध्ये याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, आणि रेशनच्या मशीनवर अंगठा उठायलाही नेटवर्कच लागतं.

शिवाय स्टार्टरच्या त्या पेट्या. शेतकरी मोटर जळेपर्यंत पेटी बदलत नाही. फोर-जीच्या पेट्या आल्या आहेत, महाग आहेत, आणि टू-जीची चालतेय तोवर नवी कोण घेणार? पेट्या आहेत तोवर कंपन्यांना टू-जीच्या वाहिन्या चालू ठेवाव्या लागतील. आणि वाहिन्या चालू आहेत तोवर त्यांच्यावर उतरता न येणारा फोन आपल्याकडे विकणं म्हणजे काही गावं आपणच नकाशातून खोडणं.

मागच्या बैठकीत मी हे बोलले. मोटरीला फोन लावतात यावर दिल्लीकडच्या एका मुलाचा विश्वास बसेना. त्याला व्हिडिओ दाखवावा लागला. प्रॉडक्टवाल्यांनी विचारलं, असे किती लोक? आकडा माझ्याकडे नव्हता. त्यांनी जीएसएमच्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुढच्या ओळीवर गेले. मी मात्र लूपच्या लेआउटमध्ये मोठ्या कपॅसिटरची जागा राखून ठेवली आहे, सध्या तिथे नुसता रिकामा चौकोन आहे. फ्लोअर प्लॅन, म्हणजे चिपवरच्या जागांचा नकाशा, गोठवायच्या आधी तो भरायचा की मोडायचा ते ठरेल.